पहाटे सुरू न होणारी गाडी

धानाचा हंगाम आला म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील रस्त्यांचें रूपच पालटतें. देवरी, सडक अर्जुनी, आमगांव, सालेकसा ह्या बाजूंच्या आधारभूत खरेदी केंद्रांपुढें कट्ट्यांच्या थप्प्या लागतात. केंद्रांतून धान गिरण्यांकडे आणि गिरण्यांतून तांदूळ कोठारांकडे, अशी मालाची ये-जा रात्रंदिवस चालू राहते. ह्या कामांत नवे ट्रक आहेत, तसे पंचवीस-तीस वर्षांचे जुने ट्रकहि आहेत. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरची चूल अशा एखाद्या जुन्या ट्रकावरच पेटते. म्हणून ह्या अंकासाठीं पदार्थविज्ञानावर कांहीं लिहावें असें मनांत आलें तेव्हां आम्हीं मुद्दामच ट्रकाचा विषय घेतला. सायफन, पिचकारी आणि पाऱ्याची नळी ह्यांच्या आकृत्या काढून काढून विद्यार्थी कंटाळलेले आहेत हें आम्हांस ठाऊक आहे.

निमित्त घडलें तें असें. एका हिंवाळ्यांत नववीच्या वर्गांतील एक मुलगा पहिल्या दोन तासांना नेमानें पेंगूं लागला. त्याच्या वह्यांना डिझेलचा वास येई, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशीं एक मोठा फोड आलेला दिसे. आम्हीं प्रथम रागें भरलों. शिक्षकाची पहिली चूक बहुधा हीच असते. मागाहून विचारपूस केली तेव्हां कळलें कीं त्याच्या वडिलांचा ट्रक पहाटे सुरू होत नाहीं. वडील चार वाजतां मुलाला उठवितात. मुलगा बॅटरीच्या उजेडांत इंजिनाशेजारीं उभा राहून हातपंप मारीत असतो, आणि वडील वर बसून सेल्फ मारतात. पन्नास-साठ वेळां पंप दाबावा तेव्हां कोठें इंजिन धापा टाकीत जागें होतें. उशीर झाला कीं केंद्रावरील रांगेंतला नंबर जातो, आणि नंबर गेला कीं त्या दिवसाची खेप बुडते. मिस्त्रीनें सांगितलें होतें कीं डिझेल पंपाचा दाब गेला, पंप उतरवून पुन्हां बांधावा लागेल. तो खर्च त्या घरच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. तो जमेपर्यंत मुलाला शाळेंतून काढून क्लीनर म्हणून गाडीवर घ्यावें, असें वडिलांनीं जवळजवळ ठरविलें होतें.

आम्ही मिस्त्री नव्हे. आमच्या वडिलांच्या विहिरीवर तेलाचें इंजिन होतें, आणि महाविद्यालयांत आम्हीं पदार्थविज्ञान घेतलें होतें, एवढीच आमची पुंजी. तरी शनिवारीं दुपारीं येतों असें आम्हीं मुलाला सांगितलें.

जें पुढें पाहावयाचें आहे तें समजण्यासाठीं डिझेलचें इंजिन पेट कसें घेतें हें ध्यानांत असलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ती नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें हा अनुभव सर्वांस आहे. हवा झपाट्यानें दाबली म्हणजे तापते. ट्रकाच्या इंजिनांत दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, तेव्हां तिचें उष्णमान ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. आणि नेमक्या त्याच क्षणीं धुक्यासारखें बारीक डिझेल आंत फवारलें असतां तें आपोआप पेटतें. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ सालीं ह्या कल्पनेचें पेटंट मिळविलें, आणि १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. परंतु त्याच्या इंजिनांत डिझेल आंत लोटण्यासाठीं दाबलेल्या हवेचें अवजड यंत्र लागे. तें गाडीवर चढविणें सोयीचें नव्हतें. १९२७ सालीं बॉशच्या कारखान्यांतून लहान, नेमका मोजून डिझेल देणारा पंप मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागला, तेव्हां कोठें डिझेलच्या ट्रकाला खरा रस्ता मिळाला. आपल्या देशांत १९५१ सालीं बंगळूर येथें बॉशच्या सहकार्यानें मायको ही कंपनी निघाली, आणि १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डायम्लर-बेंझशीं करार करून जमशेदपूर येथें ट्रक बांधण्यास आरंभ केला. आपल्याकडील जुन्या ट्रकांच्या पोटांत जो पंप दिसतो तो ह्याच घराण्यांतला.

आतां ‘पंपाचा दाब गेला’ ह्या वाक्याकडे वळूं. हें वाक्य ऐकतांच पालकांनीं एक प्रश्न विचारावा : कोणता दाब ? कारण जुन्या ट्रकांत डिझेलचे दाब दोन आहेत, आणि ते परस्परांपासून फार भिन्न आहेत.

टांकी गाडीच्या सांगाड्याला बाजूनें लटकविलेली, म्हणजे इंजिनावरील पंपाहून बहुधा खालीं असते. तेथून डिझेल ओढून आणण्याचें काम एक लहान पंप करतो. त्याला फीड पंप म्हणतात, आणि मुलगा ज्यावर अंगठा झिजवीत होता तो हातपंप ह्याच्याच अंगावर बसविलेला असतो. हा पंप डिझेल ओढतो, फिल्टरांतून पुढें ढकलतो, आणि मोठ्या पंपाच्या पोटांत नेऊन पोंचवितो. येथें दाब थोडाच असतो, दर चौरस सेंटिमीटरला एक-दीड किलोग्राम. जास्तीचें डिझेल एका झडपेवाटे टांकींत परत जातें. ती झडप हा दाब राखते. दुसरा दाब मोठ्या पंपाच्या दट्ट्यांचा. तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २०० किलोग्राम किंवा त्याहून अधिक झाल्याशिवाय नोझल उघडतच नाहीं. मोठा पंप घरचा कर्ता आणि फीड पंप त्याला पाणी आणून देणारा पोऱ्या, असें समजा. पाणीच आलें नाहीं तर कर्त्याला दोष देऊन काय उपयोग ? परंतु दुरुस्तीचा मोठा खर्च मात्र कर्त्याच्याच नांवावर पडतो.

शनिवारीं आम्ही गेलों तेव्हां गाडी घरापुढील अंगणांत उभी होती. आम्हीं हत्यारांना हात न लावतां वही उघडली आणि मुलाला लिहावयास बसविलें. गाडी केव्हां त्रास देते आणि केव्हां देत नाहीं, एवढेंच वडिलांना विचारलें. पहाटे त्रास, एकदां सुरू झाली कीं दिवसभर हात लावतांच सुरू. दुपारीं तीन-चार तास उभी राहिली तर थोडा त्रास. टांकी काठोकाठ भरली असेल त्या रात्रीनंतर त्रास कमी. एका गिरणीच्या आवारांत उतार आहे, तेथें तोंड खालीं करून उभी केली तर सकाळीं सरळ सुरू. ही शेवटची गोष्ट वडिलांनीं हंसत सांगितली. ती जागा शुभ आहे असें ते समजत. सेल्फ मारतांना धूर निघतो काय, असें विचारलें. मुळींच नाहीं, असें उत्तर आलें.

हें सर्व ऐकूनहि आम्हीं काय केलें ? गारठ्याचा दोष असेल म्हणून बॅटऱ्यांवर संशय घेतला. डिसेंबर-जानेवारींत आपल्याकडे पारा कधीं कधीं दहा अंशांच्या खालीं उतरतो. थंड बॅटरी दुबळी होते, इंजिन मंद फिरतें, आणि मंद दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतींतच मुरून जाते. तर्क सुंदर होता, पण खोटा होता. मीटर लावून पाहिलें. दोन बॅटऱ्यांचे मिळून २४ व्होल्ट भरले. सेल्फ मारतांना ते २० पर्यंत उतरले, त्याखालीं गेले नाहींत. इंजिन जोमानें फिरत होतें. शिवाय धूर नव्हता ही खूण आम्हीं ऐकून सोडून दिली होती. सेल्फ मारतांना धुरांड्यांतून पांढरा धूर येत असेल तर समजावें कीं डिझेल आंत पोंचतें आहे पण पेटत नाहीं; मग गारठा, दबलेलीं कॉम्प्रेशनें, बिघडलेलीं नोझलें ह्यांचा विचार करावा. धूरच नसेल तर डिझेल पोंचतच नाहीं. ही परीक्षा फुकट आहे, आणि तिला डोळ्यांखेरीज कांहीं लागत नाहीं.

मग वडिलांच्या त्या ‘शुभ’ जागेकडे लक्ष गेलें. गाडीचें तोंड उताराकडे केलें म्हणजे मागची टांकी पंपाच्या मानानें उंच होते. टांकी भरली म्हणजे डिझेलची पातळी उंच होते. दोन्ही वेळां गाडी सुरू होते. म्हणजे रात्रीं डिझेल मागें उतरून टांकींत जात असावें, आणि पातळी उंच असली म्हणजे उतरत नसावें. पण नळींतलें डिझेल मागें उतरावयाचें तर त्याच्या जागीं हवा शिरली पाहिजे. तोंडावर बोट दाबून धरलेल्या नळींतलें पाणी खालीं पडत नाहीं, हें आपण वर्गांत करून पाहिलें आहे. तेव्हां कोठून तरी हवा शिरते आहे.

हें ऐकून वडील म्हणाले, “गुरुजी, गाडी कोठीच गळत नाही. एक थेंब नाही खाली. मंग खराबी पंपातच असन ना !” मिस्त्रीनेंहि हेंच म्हटलें होतें. आमच्या मतें सर्व घोटाळा ह्या एका वाक्यांत होता. फीड पंपाच्या पुढें, म्हणजे फिल्टराकडे, डिझेल दाबाखालीं असतें; तेथें फट पडली तर थेंब बाहेर येतो. परंतु टांकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलें जात असतें. तेथें नळीच्या आंतला दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. तेथें फट पडली तर डिझेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. पपईच्या पानाच्या देठाची नळी करून मुलें पाणी ओढतात. देठाला चीर असेल तर पाणी वर चढत नाहीं, पण चिरेंतून थेंबहि गळत नाहीं, नुसता सूं-सूं आवाज येतो. ट्रकाच्या त्या भागांत दोषी सांधा असाच कोरडा राहतो, आणि ओल्या सांध्याच्या शोधांत असलेली नजर त्याच्यावरून सरळ निघून जाते.

आतां नुसता तर्क पुरे नव्हता. आम्हीं टांकीची नळी फीड पंपापासून सोडविली, तिच्या जागीं नवी आंखूड नळी लावली, आणि तिचें दुसरें टोंक स्वच्छ डिझेलाच्या डब्यांत सोडून डबा मडगार्डाला बांधून ठेवला. हातपंपानें हवा काढून गाडी एकदां चालविली, बंद केली, आणि घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं पहाटे गाडी पहिल्या सेल्फांत सुरू झाली. वडील आनंदले, आम्हीहि आनंदलों. नळी बदला, काम झालें, असें आम्ही सांगणार, तों मुलगा वहींतून डोकें वर काढून म्हणाला, “पण गुरुजी, डबा उंच होता. आपण टांकी बदलली आणि उंचीहि बदलली. उतारावर तर जुन्या नळीनेंहि सुरू होते.”

आम्ही क्षणभर गप्प राहिलों. मुलाचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. एका वेळीं एकच गोष्ट पालटावी हें आम्हीं त्याच वर्गाला फळ्यावर लिहून दिलें होतें, आणि मडगार्डाशीं तें विसरलों होतों. त्या रात्रीं डबा टांकीच्या बुडाच्या पातळीवर लाकडी ठोकळ्यावर ठेवला. रात्र थंड होती. सकाळीं गाडी पुन्हां पहिल्या सेल्फांत सुरू झाली. तेव्हां मात्र निर्णय ठाम झाला : फीड पंप, फिल्टर, मोठा पंप व नोझलें हीं सर्व तीच होतीं, दोष टांकी आणि फीड पंप ह्यांच्या मधल्या सहा-सात फुटांत होता.

पुढचें काम सायकलच्या पंक्चरवाल्याचें. जुनी रबरी नळी काढली, एक टोंक लाकडी खुंटीनें बंद केलें, दुसऱ्यांतून सायकलच्या पंपानें हवा भरीत ती पाण्याच्या बादलींत बुडविली. मधल्या भागांत कांहीं नाहीं. पण फीड पंपाकडील टोंकाला, जेथें क्लिप आवळलेली असते तेथें, बारीक बुडबुड्यांची एक ओळ उठली. वर्षानुवर्षें इंजिनाच्या धगीनें रबर कडक होऊन क्लिपेखालीं त्याला केंसासारख्या चिरा पडल्या होत्या. क्लिप काढल्याशिवाय त्या दिसणें शक्यच नव्हतें. नवी नळी, दोन क्लिपा आणि जोडाचे तांब्याचे वायसर, ह्या सर्वांची किंमत तीन-चार लिटर डिझेलाहून अधिक झाली नाहीं.

खात्रीसाठीं फिल्टर आणि मोठा पंप ह्यांच्या मध्यें गेज लावून पाहिलें. जुन्या नळीनें कांटा अर्ध्या किलोच्या खालीं थरथरत होता. नव्या नळीनें तो एकाच्या वर जाऊन स्थिर राहिला. कांटा स्थिर असणें हें आंकड्याइतकेंच महत्त्वाचें. थरथरणारा कांटा बहुधा डिझेलांत बुडबुडे असल्याचें सांगतो. नवी नळी घालूनहि दाब कमीच राहिला असता तर परतीची नळी क्षणभर हळूच चिमटून पाहिली असती : दाब वाढला तर परतीची झडप सैल, न वाढला तर फीड पंप झिजलेला किंवा फिल्टर तुंबलेला. येथें तशी गरज पडली नाहीं.

जुन्या ट्रकाचा प्रत्येक आजार हाच असतो असें मात्र कोणी समजूं नये. गाडी थंडींत सुरू होते आणि तापल्यावर, धाब्यावर अर्धा तास उभी केली कीं सुरू होत नाहीं, असें असेल तर मोठ्या पंपाचे दट्टे झिजल्याचा संशय खरा असूं शकतो. तापलेलें डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटतें. अशा वेळीं मिस्त्री पंप उतरवा म्हणाला तर त्याचें ऐकावें. दोन-तीन तास चालून गाडी दम तोडते आणि टांकीचें झांकण उघडतांच फुस्स असा आवाज होतो, तर झांकणाचें श्वासाचें छिद्र बुजलें आहे. पावसाळ्यांत फिल्टरच्या तळाशीं पाणी सांचतें, तें काढून टाकावें. आणि १ एप्रिल २०२० पासून निघणाऱ्या नव्या नियमांच्या गाड्यांना हा धडा जसाच्या तसा लावूं नये. त्यांतले दाब हजार किलोच्याहि वर जातात, पंपावर विजेच्या यंत्रणेचा ताबा असतो, आणि तेथें आधीं स्कॅनर लावावा लागतो.

पालकांस दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. थंडीच्या पहाटे टांकीखालीं किंवा इंजिनाखालीं गवत-चिंध्या पेटवून गाडी तापविण्याची रीत आपल्याकडे अजून दिसते. तिच्यांत गाडीहि जाते आणि माणूसहि. चालू इंजिनाच्या नोझलची नळी सैल करून फवारा हातावर घेऊन पाहूं नये. दोनशे किलोच्या दाबाचें डिझेल कातडींतून आरपार मांसांत शिरतें. जखम सुईच्या टोंकाएवढी दिसते, पण पुढें बोट किंवा हात कापण्याची वेळ येते. तसें झाल्यास दुखत नाहीं म्हणून थांबूं नये, तात्काळ इस्पितळांत जावें. आणि इंजिनाशेजारीं मूल उभें असतांना सेल्फ मारूं नये. गाडी चुकून गिअरमध्यें राहिली असेल तर ती सेल्फावरहि पुढें उडी घेते. अंगठ्याच्या फोडाहून आम्हांस ह्याच गोष्टीची अधिक भीति वाटली, आणि चाकांना उटी लावल्याखेरीज आम्हीं गाडीला हात लावूं दिला नाहीं.

त्या ट्रकाचा पंप अगदीं निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. सर्वांत थंड सकाळीं अजूनहि त्याला दोन सेल्फ लागतात. वय झालेंच आहे, आणि पुढें केव्हां तरी तो खर्च येईल. परंतु तो हंगाम पार पडला. वडिलांना पहाटे कोणाला उठवावें लागलें नाहीं, आणि मुलगा पहिल्या तासाला जागा राहूं लागला. त्यानें ती वही चालूच ठेवली आहे. रोजची थंडी, टांकींतलें डिझेल, आणि किती सेल्फ लागले, एवढ्याच तीन ओळी. जुन्या नळीचा तुकडा आम्हीं मागून घेतला. तो प्रयोगशाळेच्या कपाटांत पाऱ्याच्या वायुभारमापकाशेजारीं ठेवला आहे. ज्या विद्यार्थ्यांना चिरा पाहावयाच्या असतील त्यांनीं मधल्या सुटींत यावें, आणि येतांना सायकलचा पंप घेऊन यावा. बादली आमच्याकडे आहे.